१.० टर्बो की १.५ साधं पेट्रोल: वारजे-खराडी रोज, चिपळूण महिन्यातून दोनदा

प्रश्न थोडक्यात असा. घर पुण्यात वारज्याला, ऑफिस खराडीला, रोजचं जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर. महिन्यातून दोनदा आई-बाबा, बायको आणि मुलीला घेऊन चिपळूण, म्हणजे सातारा, उंब्रज, पाटण आणि कुंभार्ली घाट. गाडी दहा वर्षं ठेवायची आहे. यादीत दोनच उरल्यात: चाकणला बनणारी फोक्सवॅगन-स्कोडाची १.० टीएसआय टर्बो, ११५ पीएस, आणि होंडाची बिनटर्बोची १.५ आय-व्हीटेक, १२१ पीएस. पॉवर जवळपास सारखीच, मग घ्यायची कोणती? आणि मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

पॉवरच्या आकड्यांमुळे घोळ होतोय, तो आधी मिटवू. होंडाचे १२१ पीएस मिळतात ६६०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला इतके फेरे घेतं तेव्हा. तिथपर्यंत इंजिन ताणणारा माणूस पुण्यात विरळाच. बघायचा तो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, आणि तो कितीवर मिळतो ते. टीएसआयचा १७८ न्यूटन-मीटर टॉर्क १७५० पासून ४५०० आरपीएमपर्यंत सलग मिळतो. होंडाचा १४५, तोही ४३०० ला. टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॅट येतात, त्याला १.३६ ने गुणलं की पीएस. या हिशोबाने १८०० आरपीएमला टर्बोकडून ४५ पीएसच्या आसपास मिळतात. साध्या १.५ इंजिनाचा त्याच आरपीएमला टॉर्क अंदाजे १२० न्यूटन-मीटर धरा, म्हणजे ३१ पीएस. जवळजवळ दीडपट फरक. शोरूममधलं बोलणं सहसा इथेच थांबतं, कारण इथपर्यंत टर्बो सरळ जिंकते.

आता त्याच्या खाली उतरा. टर्बोमध्ये एक्झॉस्टच्या वायूने टर्बाइन फिरतं आणि त्याच्या जोरावर इंजिनात जास्तीची हवा दाबून भरली जाते, हाच बूस्ट. ११००-१३०० आरपीएमला एक्झॉस्टमधून जाणारा वायू इतका कमी असतो की टर्बाइन जोरात फिरत नाही. बूस्ट नाही म्हणजे तुमच्याकडे उरतं फक्त एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, आणि त्याला ओढायची असते बाराशे किलोच्या घरातली गाडी, वर माणसं, वर एसीचा कॉम्प्रेसर. या पट्ट्यात १.५ लिटरचं इंजिन पाय टेकवल्याबरोबर जास्त जोर देतं, कारण त्याला कशाची वाट बघायची नसते. टर्बोमध्ये होतं असं की पाय टेकवला, काही झालं नाही, म्हणून अजून दाबला, तेवढ्यात बूस्ट आला, गाडी हवी त्यापेक्षा जास्त पुढे गेली, ब्रेक. कर्वे रोडला, संगमवाडीला, येरवड्याला, नगर रोडला हे पुन्हा पुन्हा. सवय झाली की माणूस पाय सांभाळतो, पण सवय तुम्ही करायची असते, गाडी करत नाही.

म्हणून खरा प्रश्न हा की तुमचं इंजिन आयुष्यातला किती वेळ या खालच्या पट्ट्यात घालवणार. किलोमीटर मोजले तर उत्तर चुकतं. ऑफिसचे वर्षाला साधारण १०,५०० किलोमीटर होतील. चिपळूणच्या एका फेरीचे साडेचारशे धरले तर चोवीस फेऱ्यांचे १०,८००. म्हणजे अर्धं-अर्धं. पण तास मोजा. शहरातला सरासरी वेग १८ धरला तर १०,५०० किलोमीटरला ५८० तास लागतात. हायवे आणि घाट मिळून सरासरी ५० धरली तर १०,८०० ला २१६ तास. म्हणजे इंजिनाचा पाऊण वेळ शहरात जाणार आहे. सध्याच्या गाडीत सरासरी वेग दिसत असेल तर पूर्ण महिन्याचा आकडा बघा आणि माझ्या १८ च्या जागी तो घाला. माझं पुढचं सगळं म्हणणं या एका आकड्यावर उभं आहे. तो ३० च्या वर निघाला, तर माझा सल्लाही बदलेल.

यानंतर गिअरबॉक्स. हा दुय्यम मुद्दा समजला जातो, पण माझ्या मते निम्मा निर्णय इथे होतो. मॅन्युअल घेतली तर टर्बोचा सगळा लॅग, म्हणजे बूस्ट येईपर्यंतचा उशीर, तुमच्या डाव्या पायावर येतो. स्पीडब्रेकरवरून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना इंजिन हजारापर्यंत पडतं आणि गुदमरतं, म्हणून माणूस हाफ क्लच मारतो. सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर तेच. क्लच प्लेट अशीच जळते, आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. टॉर्क कन्व्हर्टरची ऑटोमॅटिक घेतली तर चित्र बरंच पालटतं. कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलातून जोर पोहोचवणारा जोड, तो आतून थोडा घसरतो, त्यामुळे पाय दिला की इंजिन झटकन १८००-२००० ला पोहोचतं आणि लॅग बराचसा झाकला जातो. १.० टीएसआयला टॉर्क कन्व्हर्टरच येतो, ही तिची मोठी जमेची बाजू. बाजारात काही छोट्या टर्बो गाड्यांना कोरड्या क्लचची डीसीटी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, मिळते. ती हायवेवर फार छान, पण मुंगीच्या वेगाने सरकणाऱ्या ट्रॅफिकमध्ये तिचे क्लच सतत घासतात आणि तापतात. रोज दीड-दोन तास ट्रॅफिकमध्ये असणाऱ्याला मी ती सुचवत नाही. होंडाची सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक, रांगायला सगळ्यात मऊ. तिची तक्रार एकच: जोरात पाय दिला की आरपीएम चार-साडेचार हजारांवर जाऊन तिथेच थांबतात आणि इंजिन ओरडत राहतं. ते बिघाडाचं लक्षण नाही, ती चालतेच तशी.

थरथरीबद्दल. तीन सिलिंडरच्या इंजिनात पुढचा आणि मागचा पिस्टन एकमेकांना पूर्ण तोलत नाहीत, त्यामुळे इंजिन लांबीच्या दिशेने डुलतं. शिवाय ८०० आरपीएमच्या आयडलला त्यात सेकंदाला २० स्फोट होतात, चार सिलिंडरमध्ये २७ च्या आसपास. कंपनं जितकी संथ तितकी सीट आणि स्टिअरिंगमधून जास्त जाणवतात. इंजिन माउंट नवे असेपर्यंत हे छान दाबलेलं असतं. पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतं आणि सिग्नलला डी (ड्राइव्ह) मध्ये ब्रेक दाबून उभं असताना डॅशबोर्ड किरकिरायला लागतो. म्हणजे गुळगुळीतपणाचा संबंध टर्बोशी कमी आणि सिलिंडरच्या संख्येशी जास्त आहे. चार सिलिंडरची १.५ टीएसआय टर्बो असूनही मऊ आहे आणि २५० न्यूटन-मीटर देते, पण तिची किंमत वरची आणि ऑटोमॅटिकमध्ये कोरड्या क्लचची डीएसजी, म्हणजे वर सांगितलेली डीसीटीच.

आता घाट, जिथे टर्बोची बाजू खरोखर भक्कम आहे. उंची वाढेल तशी हवा विरळ होते, आणि साधं इंजिन जेवढी हवा मिळेल तेवढ्यावरच चालतं. दर शंभर मीटरला साधारण एक टक्का जोर जातो असं धरा. पुणे ५६० मीटरवर आहे, म्हणजे इथेच पाच टक्के गेलेले असतात. महाबळेश्वरला, १३५० मीटरच्या आसपास, बारा टक्के. टर्बो कॉम्प्रेसर थोडा जास्त फिरवून ही तूट बऱ्यापैकी भरून काढते. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन पसरणी किंवा कुंभार्ली चढताना १.० टर्बो २२००-२५०० आरपीएमवर शांतपणे जाते. १.५ ला त्याच चढाला ३५००-४५०० लागतात. त्याने इंजिनाचं काहीही वाकडं होत नाही, ते त्यासाठीच बनवलंय. पण आपल्याकडे आरपीएम वर गेले की लोक घाबरून वरचा गिअर टाकतात, आणि मग "गाडीत दमच नाही" असं म्हणतात. साध्या इंजिनाला घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर द्यायची तयारी नसेल, तर ते इंजिन घेऊ नका.

उताराचा मुद्दा कोणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार तुम्ही महिन्यातून दोनदा उतरणार आहात, कुंभार्ली वेगळाच. पाय काढल्यावर गाडीला धरून ठेवण्याची ताकद मोठ्या क्षमतेच्या इंजिनात जास्त असते, कारण ती सिलिंडरच्या आकारमानावर ठरते आणि पाय काढल्यावर टर्बोचा उपयोग शून्य. एक लिटरची गाडी त्याच गिअरमध्ये जास्त पळते. उपाय सोपा आहे: उतार सुरू होण्याआधीच मॅन्युअल मोडमध्ये तिसरा, तीव्र वळणांना दुसरा. सीव्हीटीत एस किंवा एल. आणि कुठल्याही गाडीत न्यूट्रल नाही.

मायलेजचं सांगायचं तर कागदावर टर्बो पुढे असते. पुण्यातल्या टेकडीला जिचं नाव पडलंय त्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचणीत गाडी रोलरवर चालते, एसी बंद असतो, वेग हळूहळू वाढतो आणि ९० च्या पुढे जात नाही. अशा चालवण्यात टर्बो फारशी जागीच होत नाही, आणि एक लिटरचं इंजिन अर्थातच कमी पितं. रस्त्यावर तुम्ही बूस्ट वापरता, आणि बूस्ट म्हणजे जास्त हवा, जास्त पेट्रोल. तुमच्या वापराला मी शहरात टर्बो ऑटोमॅटिकचे १०, सीव्हीटीचे साडेअकरा, हायवेला अनुक्रमे १६ आणि साडेपंधरा असे धरतो. पाय जड असेल तर टर्बोचा आकडा आणखी उतरेल, साध्या इंजिनाचा तितका नाही. या हिशोबाने वर्षाला १.५ चं पेट्रोल ११५ लिटर कमी लागतं. लिटरला शंभर रुपये धरले तरी साडेअकरा हजार. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये ऊर्जा सहा-सात टक्के कमी असते, त्याचा फटका दोघींना सारखाच. मात्र कुणी जुनी गाडी सुचवली, तर पेट्रोलच्या झाकणाजवळचं स्टिकर बघा. एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाडीत ई२० चालतं का, याची खात्री करूनच पुढे जा.

करांबद्दल गैरसमज खूप आहे. छोट्या इंजिनाला जीएसटी कमी हे अर्धंच खरं. सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल गाडीला १८ टक्के तेव्हाच, जेव्हा लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन १२०० सीसीपर्यंत, दोन्ही अटी पाळलेल्या. तुमच्या यादीतल्या दोन्ही गाड्या चार मीटरच्या पुढच्या, म्हणून दोघींना ४० टक्के. एक लिटर घेऊन करात काहीही वाचत नाही.

आता दहा वर्षांचा हिशोब. वर्षाला २१,००० किलोमीटर म्हणजे दोन लाखांच्या वर. वॉरंटी संपल्यानंतरचा बराच मोठा प्रवास तुमच्या खिशातून होणार आहे. टर्बो नाजूक असते असं मी म्हणणार नाही. ती मिनिटाला लाख-दीड लाख फेरे सहज घेते आणि तिच्या शाफ्टला आधार असतो तो फक्त ऑइलच्या पातळ थराचा. म्हणून तिचं आयुष्य ऑइल ठरवतं, आणि ऑइल किलोमीटरपेक्षा तासांनी म्हातारं होतं. सर्व्हिस बुकात १५,००० किलोमीटर लिहिलं असलं, तरी वरचे ५८० तास आठवा. तुमच्या वापराला टर्बोचं ऑइल आणि फिल्टर ७,५०० ते १०,००० मध्ये बदला. ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच, फुल सिंथेटिक, आणि डब्यावर एपीआय एसपी किंवा कंपनीने सांगितलेलं मानक हवं. हे एसपी महत्त्वाचं आहे. कमी आरपीएमला बूस्ट जास्त असताना सिलिंडरमधला ऑइल-पेट्रोलचा एखादा थेंब ठिणगीच्या आधीच पेटतो. त्याचा दणका इतका असतो की पिस्टनची कड तुटू शकते. नवं ऑइल ते टाळण्यासाठी बनवलंय. तुमच्या हातातला भाग हा की मॅन्युअल गाडीत १५०० च्या खाली वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबायचा नाही.

ऑइल मोजायची डिपस्टिक महिन्यातून एकदा: गाडी सपाटीला, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबून, पुसून पुन्हा घालून. पातळी थोडी उतरली तर घाबरू नका, त्याच ग्रेडचं भरा. पातळी चढली आणि पेट्रोलचा वास आला, तर मात्र ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतंय. दोन-तीन किलोमीटरच्या थंड फेऱ्या रोज मारणाऱ्यांच्या, टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांत हे होतं. उपाय म्हणजे ऑइल लवकर बदलणं आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवणं.

डायरेक्ट इंजेक्शनचा दुसरा परिणाम व्हॉल्व्हवर दिसतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, आणि त्यांच्या मागे काजळीचा थर साठतो. ७०-८० हजारांनंतर थंड इंजिन सकाळी अडखळायला लागलं की हे तपासायला सांगा. टाकीत ओतायची औषधं तिथे पोहोचतच नाहीत, मॅनिफोल्ड काढून साफ करावं लागतं. होंडाच्या १.५ मध्ये पेट्रोल पोर्टमध्ये फवारलं जातं, त्यामुळे हा प्रश्न जवळपास नाही.

चढाला कमी आरपीएमवर झटके बसले तर टर्बोत आधी स्पार्क प्लग बघा. बूस्टमध्ये ठिणगी पाडणं अवघड, म्हणून प्लगची फट थोडी वाढली तरी मिसफायर होतो. प्लग आणि मग कॉइल या क्रमाने जा, इंजेक्टरचं बिल त्यानंतर. शिट्टीसारखा आवाज आणि जोर कमी असेल तर इंटरकूलरचे (टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या भागाचे) होज आणि त्यांच्या क्लिपा. निसटलेल्या जोडाभोवती तेलकट काळा डाग दिसतो. एअर फिल्टर बसवताना डब्याच्या क्लिपा नीट लागल्यात का ते स्वतः बघा. रस्त्यांची आणि मेट्रोची कामं चालू असलेल्या शहरात फटीतून गेलेली धूळ कॉम्प्रेसरच्या पात्यांची धार खाते. टर्बोचा पूर्ण संच बदलायचा तर बिल पाच आकडी आणि काही गाड्यांत सहा आकडी होतं. घाट चढून लगेच चहाला थांबलात, तर गाडी अर्धा ते एक मिनिट आयडलवर ठेवून मग बंद करा, म्हणजे तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइल करपत नाही. बंद केल्यावर फॅन चालू राहिला तर तो बिघाड समजू नका.

साध्या १.५ च्या देखभालीत यातलं निम्मंही नाही. वर्षाला किंवा दहा हजारांना ऑइल, वेळेवर कूलंट, आणि सीव्हीटीचं ऑइल गाडीच्या पुस्तिकेतल्या कठीण वापराच्या वेळापत्रकाने, साधारण ४०,००० ला. टॉर्क कन्व्हर्टर घेतला, तर "ऑइल लाइफटाइम आहे" हे ऐकून सोडून देऊ नका. ६०,००० ला बदला.

तर तुमच्यासाठी माझं मत: १.५ सीव्हीटी. पाऊण वेळ ट्रॅफिक, मागे आई-बाबा, दोन लाख किलोमीटर, ही तिन्ही कारणं त्याच बाजूला जातात. घाटात आवाज होईल, तो महिन्यातून दोनदा. मॅन्युअलच घ्यायची असेल तर हेच मत आणखी ठाम. पण ऑफिस हिंजवडीला बदलून बायपासनेच जाणं-येणं होणार असेल आणि त्यात सरासरी वेग वाढत असेल, घरून काम वाढून शहराचे तास निम्म्यावर येणार असतील, किंवा दर आठवड्याला भरल्या गाडीने घाट असेल, तर १.० टीएसआय टॉर्क कन्व्हर्टर घ्या आणि ऑइलच्या बाबतीत काटेकोर राहा. मोकळ्या रस्त्यावर ओव्हरटेक करताना ती जास्त आत्मविश्वास देते, हे मी लपवणार नाही.

बुकिंगच्या आधी टेस्ट ड्राइव्ह अशी मागा. तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, चार मोठी माणसं आत, एसी पूर्ण. वेळ संध्याकाळी साडेसहाची, मोकळ्या सकाळची नको. आधी दहा मिनिटं ट्रॅफिकमध्ये रांगा. सिग्नलला डी मध्ये उभं राहून स्टिअरिंगवर हात ठेवा आणि मागे बसलेल्या बाबांना विचारा की सीट थरथरते का. एखाद्या रॅम्पवर मध्येच पूर्ण थांबून पुन्हा उचला. मग नवले पुलाकडून कात्रज बोगद्याकडे चढताना, मागे कुणी नसताना, ४० वरून ७० पर्यंत न्या आणि पाय दिल्यापासून गाडी निघेपर्यंतचा वेळ मनात मोजा. उतरताना पाय काढून गाडी किती धरते ते बघा. दुसरी गाडी त्याच दिवशी, त्याच रस्त्याने, त्याच माणसांना घेऊन चालवा. दोन-तीन दिवसांचं अंतर पडलं की आठवतो फक्त आवाज. आणि डीलर शोरूमभोवतीच्या एका चकरेवर बोळवण करत असेल, तर दुसऱ्या डीलरकडे जा. पुण्यात एकाच कंपनीचे बरेच आहेत.